अलाइनमेंट करूनही डावा टायर आतून का झिजतो?

जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे फ्रंट व्हील ड्राइव्ह प्रकारची, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारी छोटी गाडी आहे. महिन्यातून दोनदा पुणे आणि बहुतेक रविवारी मंगळवेढ्याजवळचे शेत, असा त्यांचा प्रवास असतो. चारही टायर एकाच वेळी घातले होते आणि ते आता 21,000 किलोमीटर चालले आहेत. मागचे दोन जवळजवळ नव्यासारखे आहेत, पुढचा उजवा आतल्या कडेने थोडा झिजला आहे, आणि पुढचा डावा मात्र आतल्या कडेने इतका झिजला आहे की तारा दिसू लागल्या आहेत. गेल्या आठ महिन्यांत दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवण्याचे काम, झाले आणि दोन्ही वेळा कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे मर्यादेत, आले. आता त्यांना एके ठिकाणी सांगण्यात आले आहे की पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घेतले, म्हणजे रोटेशन केले, की प्रश्न मिटेल. हे करावे का, दोष टायरचा आहे की गाडीचा, आणि रोटेशन नेमके किती किलोमीटरला करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

सर, सर्वांत आधी सुरक्षिततेचे सांगतो. ज्या टायरच्या तारा दिसत आहेत तो पुढे नको आणि मागेही नको. तो आजच काढून स्टेपनी लावावी आणि पुण्याचा पुढचा प्रवास त्या टायरवर अजिबात करू नये. दुसरे, कारण सापडल्याशिवाय रोटेशन करू नये. ज्या जागेने एक टायर 21,000 किलोमीटरमध्ये खाल्ला, त्याच जागी आपण मागचा चांगला टायर नेऊन ठेवणार आहात. पहिले काही महिने सगळे ठीक वाटेल, कारण त्या टायरवर अजून भरपूर नक्षी शिल्लक आहे, आणि मग तोही आतूनच जाईल. शिवाय झिजलेला टायर मागे गेला की त्याच्या झिजेवरून पुढच्या चाकात काय बिघडले आहे हे ओळखण्याची सोय जाते. रोटेशन हा सारख्या झिजेसाठी केलेला उपाय आहे. बिघडलेल्या चाकावरचा तो इलाज होऊ शकत नाही.

मी गेली 26 वर्षे सोलापुरात चाकांचेच काम करतो. सुरुवातीला मालट्रकच्या पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाके पुढच्या बाजूने किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, आम्ही सुतळी ताणून आणि लाकडी पट्टीवर खुणा करून बघत असू. नंतर चाकांना सेन्सर लावणारी यंत्रे आली आणि आता कॅमेऱ्याने मोजणारी आली आहेत. यंत्र बदलले तरी एक गोष्ट मी बदललेली नाही. गाडी रॅम्पवर घेण्याआधी मी चारही टायरवरून हात फिरवतो. यंत्र गाडी उभी असताना चाक कसे आहे ते सांगते. टायरची झीज मात्र गेल्या हजारो किलोमीटरमध्ये चाक प्रत्यक्ष कसे चालले ते दाखवते. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर मी टायरवर विश्वास ठेवतो.

आपणही हे घरी करू शकता. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावा आणि स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसेल. सरळ उभ्या गाडीत ती कधीच दिसत नाही, आणि म्हणूनच आतली झीज बहुतेकांच्या लक्षात तारा दिसेपर्यंत येत नाही. तारा उघड्या असलेल्या टायरवर मात्र उघडा हात फिरवू नये. इतर टायरवर तळहात आडवा, आधी बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे आणि मग उलट दिशेने सावकाश फिरवा. नक्षीचे चौकोन एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचत असतील तर टो चुकलेला असतो. बाहेरून आत जाताना टोचत असेल तर चाके पुढच्या बाजूने फाकलेली आहेत, म्हणजे टो-आउट आहे, आणि अशा वेळी आतली कड जास्त जाते. आतून बाहेर येताना टोचत असेल तर चाके पुढच्या बाजूने जवळ आलेली, म्हणजे टो-इन आहेत, आणि मग बाहेरची कड जाते. दोन्ही कडा झिजल्या असून मधला भाग उंच राहिला असेल तर हवा बराच काळ कमी होती असे समजावे. मधला पट्टा झिजून कडा शाबूत असतील तर हवा जास्त होती. टायरच्या घेरावर ठरावीक अंतराने खोलगट वाट्या पडल्यासारखे लागत असेल तर शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारा भाग, कमजोर झाला आहे किंवा बॅलन्सिंग गेले आहे. आणि कोठेही दात न लागता एकच कड सरळ उतार असल्यासारखी गुळगुळीत झिजली असेल, तर संशय कॅम्बरवर घ्यावा, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर कललेला आहे.

टो चुकण्याचा दोष दिसायला अगदी लहान असतो, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडून दाखवतो. समजा चाकाचा व्यास 600 मिलिमीटर आहे आणि दोन्ही पुढची चाके मिळून टो 3 मिलिमीटरने चुकला आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर आला. 600 ला दीड, या प्रमाणात ते चाक गाडीच्या दिशेपेक्षा वाकडे चालते, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक किलोमीटरला ते अडीच मीटर आडवे ओढले जाते. सोलापूरहून पुण्याला जाताना साधारण 250 किलोमीटर होतात. तेवढ्यात प्रत्येक पुढचा टायर सव्वासहाशे मीटर आडवा फरफटतो. तीन मिलिमीटर म्हणजे दोन तांदळांची जाडीही नाही, पण उन्हाने तापलेल्या डांबरावर रबर आडवे फरफटले की काय होते, याची कल्पना आपणही करू शकता.

आता आपल्या गाडीकडे येतो. आपल्या प्रश्नातला सर्वांत उपयोगी तपशील असा की डावा टायर खूप झिजला आणि उजवा थोडाच. टो केवळ टायरॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, लांबीमुळे चुकला असता तर दोन्ही पुढचे टायर साधारण सारखेच झिजले असते, कारण गाडी सरळ रस्त्यावर धावताना स्टिअरिंग आपोआप अशा जागी येते की चुकलेला टो दोन्ही चाकांत निम्मा-निम्मा वाटला जातो. एकाच बाजूचा टायर इतका पुढे जाऊन झिजतो तेव्हा त्या बाजूचा काहीतरी भाग वाकला आहे किंवा सैल झाला आहे, असाच माझा पहिला अंदाज असतो. टायरमध्येच कारखान्याचा दोष असण्याची शक्यता मला येथे फारच कमी वाटते. सदोष टायर फुगतो, थर सोडतो, गाडी एका बाजूला ओढतो. फक्त आतली कड नेमकी आणि सलग खाल्ली जाणे हे चाकाच्या कोनाचे लक्षण आहे.

आणि डावीच बाजू का, याचेही कारण आपल्या रविवारच्या वाटेवर असू शकते. मंगळवेढ्यापर्यंतचा महामार्ग चांगला आहे, त्रास त्यापुढे शेताकडे जाणाऱ्या एकेरी डांबरी रस्त्यांवर आहे. तेथील काळी जमीन ज्वारीला जितकी उत्तम तितकीच रस्त्याच्या भरावाला अवघड. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि डांबराची कड तुटून साइडपट्टी खाली बसते. गळिताच्या हंगामात समोरून उसाची दोन ट्रॉल्या जोडलेली ट्रॅक्टरची गाडी आली की साइड द्यायला डावे चाक खाली उतरवावेच लागते, आणि पुन्हा वर घेताना डांबराची ती उभी कड प्रत्येक वेळी पुढच्या डाव्या चाकावर आदळते. उजव्या चाकाला हा मार क्वचितच बसतो. माझ्याकडे मंगळवेढा, मोहोळ, माढा या भागांतून येणाऱ्या गाड्यांत डाव्या बाजूचे लोअर आर्मचे बुश उजव्यापेक्षा आधी गेलेले मी इतक्या वेळा पाहिले आहेत की आता माझी नजर आधी तिकडेच जाते.

लोअर आर्म हा चाकाला खालून धरणारा दांडा असतो. तो गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेला असतो आणि चाकाच्या बाजूला त्याला बॉल जॉइंट असतो. मागच्या बुशाचे रबर फाटले तर गाडी उभी असताना चाक जागेवरच दिसते, पण ब्रेक लागला की ते काही मिलिमीटर मागे सरकते आणि ॲक्सिलरेटर दिला की पुढे येते. चाक असे पुढे-मागे सरकले की टो बदलतो. रॅम्पवर गाडी स्थिर उभी असते, ब्रेक पेडल दाबून धरलेले असते, यंत्र त्या क्षणीचा कोन मोजते आणि कागद हिरवा येतो. दोन्ही वेळा आपल्याला मिळालेला हिरवा कागद खोटा नसावा; तो फक्त उभ्या गाडीचा होता.

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची मला आजही बोच आहे. काम सुरू करून तीन-चार वर्षे झाली असताना अक्कलकोटकडून येणाऱ्या एका प्रवासी गाडीचे मी एका वर्षात तीन वेळा अलाइनमेंट केले. प्रत्येक वेळी आकडे बरोबर बसले आणि प्रत्येक वेळी टायर पुन्हा झिजला. तिसऱ्या वेळी चालकाने काहीही न बोलता नवा टायर घेऊन तो माझ्यासमोर ठेवला. तेव्हा मी चाक जॅकवर उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहिले, आणि बॉल जॉइंट हाताला कळेल इतका सैल निघाला. हे पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत कळले असते. तेव्हापासून चाक हलवून पाहिल्याशिवाय मी यंत्राला हात लावत नाही.

म्हणून आपण ज्या ठिकाणी जाल तेथे हा क्रम पाळला जातो का ते उभे राहून पाहा. आधी चारही टायरची हवा, टायर थंड असताना, गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली पाहिजे. मग पुढचे चाक उचलून, वर आणि खाली धरून हलवायचे. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. मग डावीकडे आणि उजवीकडे धरून हलवायचे. खेळ लागला तर टायरॉड एंड, म्हणजे टायरॉडचे चाकाकडचे टोक, किंवा स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे टायरॉड डावी-उजवीकडे सरकवणारा दांडा. त्यानंतर लोखंडी पहारीने लोअर आर्म हलके उचकटून बुश किती सरकते ते बघायचे, आणि त्याच वेळी रबराला भेगा आहेत का हेही पाहायचे. शॉकअपमधून तेल गळले आहे का, स्प्रिंगचा वेढा तुटला आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. या तपासणीला पंधरा मिनिटे लागतात. एखादा भाग गेलेला आढळला तर तो बदलेपर्यंत अलाइनमेंट करून घेण्यात पैसे घालवू नका, आणि बदलल्यावर मात्र ते न चुकता करून घ्या, कारण लोअर आर्म, टायरॉड एंड किंवा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा खांब, उघडला की जुना कोन टिकत नाही.

प्रत्यक्ष अलाइनमेंटच्या वेळी पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर असावीत आणि मागची सरकत्या पट्ट्यांवर. गाडी पुढे-मागे ढकलून रिमचा वाकडेपणा यंत्राला कळू द्यावा, पुढून-मागून दाबून सस्पेन्शन बसू द्यावे, आणि स्टिअरिंग मधोमध आणून क्लॅम्पने जखडावे. सेन्सर किंवा लक्ष्यपाटी चारही चाकांना लावायला सांगा. बहुतेक छोट्या गाड्यांत मागचा आस एकसंध असतो आणि त्याचे कोन फिरवून बदलता येत नाहीत. तरीही ते मोजणे आवश्यक असते. मागचा आस वाकडा असेल तर गाडी किंचित तिरपी धावते, आणि पुढची चाके त्या तिरपेपणाला जुळवून लावावी लागतात. शेतावरून परतताना डिकीत ज्वारीची पोती भरण्याची सवय असेल तर हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे, कारण मर्यादेपेक्षा जास्त वजन आणि खड्डा एकत्र आले की हा आस वाकू शकतो.

टो लावताना दोन्ही बाजूंचे टायरॉड सारखे फिरवले पाहिजेत. घाईत काही जण एकच बाजू फिरवून एकूण आकडा बरोबर आणतात. मग टायर झिजत नाही, पण सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे राहते. टायरॉड फिरवताना रॅकवरचे रबरी बूट पिळले गेले नाही ना, हेही पाहावे, कारण पिळलेले बूट फाटते आणि आत धूळ जाऊन रॅकच खराब होतो.

कॅम्बर बऱ्याच छोट्या गाड्यांत मुळातून फिरवता येत नाही. आपल्या गाडीत डाव्या आणि उजव्या कॅम्बरमधला फरक पाहा. दोन्ही बाजूंचा कॅम्बर कंपनीने दिलेल्या मर्यादेत असूनही त्यांच्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर मी काम थांबवून स्ट्रट, चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि सांगाडा वाकला आहे का ते शोधतो. डावा कॅम्बर आत जास्त झुकलेला निघाला तर झिजेचे कारण बुश नसून वाकलेला स्ट्रटही असू शकतो. म्हणूनच छापील कागदावरचा हिरवा रंग पाहून समाधान मानू नये. सुरुवातीचे आणि शेवटचे असे दोन्ही आकडे मागावेत आणि डावे-उजवे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. हे कागद जपून ठेवा. पुढच्या खेपेला सुरुवातीचे आकडे मागच्या खेपेच्या शेवटच्या आकड्यांपासून बरेच सरकलेले दिसले, तर काहीतरी सैल आहे हे यंत्राने आपणहून सांगितल्यासारखेच आहे. आपल्याकडे आत्ताच आठ महिन्यांतले असे दोन कागद आहेत. ते आजच काढून पाहा.

बॅलन्सिंगबद्दल थोडेच सांगतो, कारण लोक ते आणि अलाइनमेंट एकच समजतात. साधारण 80 ते 100 किलोमीटरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर बहुधा बॅलन्सिंग गेलेले असते, आणि ते रिमला वजने लावून होते. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा कड झिजत असेल तर प्रश्न कोनाचा असतो. गाडी ओढते असे वाटल्यास आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून डावीकडे उतरते असतात हेही लक्षात घ्यावे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. तरीही ओढत असेल तर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावीत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे, तशीच राहिली तर गाडीचा.

कारण दूर झाले, अलाइनमेंट झाले, की मग रोटेशन. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचे वजन पुढे असते, ताकद पुढच्या चाकांतून जाते, वळवायचे काम तीच करतात आणि ब्रेकचा बहुतेक भार त्यांच्यावरच येतो. सर्व काही ठीक असतानाही पुढचे टायर मागच्यांपेक्षा बरेच लवकर झिजतात, आणि हा फरक वाटून घेण्यासाठीच रोटेशन असते. अशा गाडीत पुढची दोन चाके सरळ आपापल्या बाजूने मागे न्यावीत आणि मागची दोन तिरपी, म्हणजे मागचे डावे पुढे उजवीकडे आणि मागचे उजवे पुढे डावीकडे, आणावीत. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत याच्या उलट करतात. मागची सरळ पुढे आणि पुढची तिरपी मागे. रेडियल टायर एका बाजूचा दुसऱ्या बाजूला नेऊ नये असे आजही काही जण सांगतात. सुरुवातीच्या काळातल्या रेडियल टायरबाबत तसा सल्ला दिला जाई. आजच्या साध्या नक्षीच्या टायरला तो लागू नाही.

दोन अपवाद मात्र पाळावेत. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो टायर त्याच बाजूला पुढे-मागे करावा, बाजू बदलू नये. आणि ज्यावर बाहेरची बाजू कोणती हे छापलेले असते, ती बाजू कोणत्याही जागी बाहेरच राहिली पाहिजे. स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची असेल तर तिलाही फेऱ्यात घ्यावे, म्हणजे ती पडून म्हातारी होत नाही. हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते आणि तिच्यावर 80 किलोमीटरची वेगमर्यादा लिहिलेली असते; ती फेऱ्यात घेऊ नये. आपली स्टेपनी तशी असेल तर मी वर सांगितल्याप्रमाणे ती लावून फक्त गॅरेजपर्यंत जावे.

अंतराचे म्हणाल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पहिला. तो बहुधा 10,000 किलोमीटर असतो. आपल्या भागातले ऊन, साइडपट्ट्या आणि न रंगवलेले गतिरोधक पाहता मी आपल्याला 8,000 किलोमीटर सांगेन, आणि नवे टायर घातल्यावरची पहिली फेरी तर 5,000 ला. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते आणि 1.6 मिलिमीटरला खाचेतल्या खुणा समपातळीला येतात, तेव्हा टायर संपला. पुढच्या आणि मागच्या नक्षीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. त्यानंतर केलेल्या रोटेशनचा लाभ कमी होतो, आणि करवती दात पडलेला टायर मागे गेला की घूं-घूं असा आवाज करू लागतो. तो आवाज बेअरिंगचा समजून चांगली बेअरिंगे बदललेल्या गाड्या माझ्याकडे आलेल्या आहेत.

चाके बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडी जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पान्याने आवळावेत. हवेच्या बंदुकीने सरसकट आवळलेले नट पुढे पंक्चरच्या वेळी रस्त्यावर निघत नाहीत. 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा तपासावेत. पुढच्या आणि मागच्या हवेचा आकडा वेगळा असेल तर चाके बदलल्यावर हवाही नव्या जागेप्रमाणे करून घ्यावी. हे हमखास राहून जाते.

हवेबद्दल सोलापूरकरांना मी थोडे अधिक आग्रहाने सांगतो. तापमान 5 ते 6 अंशांनी वाढले की टायरमध्ये सुमारे एक पौंड हवा वाढते. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे 26 आणि दुपारी 42 अंश असतात, म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी सकाळ-दुपारचा फरक तीन पौंडांच्या आसपास जातो, आणि महामार्गावर धावल्यावर तो आणखी वाढतो. दुपारी टेंभुर्णीजवळ थांबून हवा तपासली, जास्त दिसली म्हणून सोडली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी कमी हवेवर धावणार. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आतून तापतो, कडा झिजवतो आणि उन्हाळ्यात फुटतो तो बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालवण्याआधी हवा पाहावी. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरू नये. पोती किंवा पाच माणसे असतील तेव्हा स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला मागच्या चाकांचा आकडा घ्यावा आणि वजन उतरल्यावर पुन्हा कमी करावा. नायट्रोजन भरल्याने हे सगळे तपासणे टळते असे नाही. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

आता आपल्या टायरचे काय करायचे. पुढचा डावा बाद झाला. उजवा आतल्या कडेला किती उरला आहे ते खोली मोजून पाहावे. 3 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर दोन्ही बदलावेत. एकच नवा टायर घेऊन जुन्यासोबत एका आसावर लावणे मी टाळतो, कारण दोन्हींच्या उंचीतला फरक डिफरन्शियलला (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला) आणि ब्रेकलाही जाणवतो. नवे दोन टायर मागे लावावेत आणि सध्याचे मागचे पुढे आणावेत, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले तर चालकाला स्टिअरिंगमध्ये कळते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य चालकाला ती सावरत नाही. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे असावेत. नवे टायर घेताना बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. दोन्ही टायर एकाच सुमाराचे असावेत.

लोअर आर्मचे बुश गेलेले निघाले तर शक्य असेल तेव्हा दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. सगळे झाल्यावर पहिल्या 1,000 किलोमीटरला पुढच्या दोन्ही टायरवर वर सांगितल्याप्रमाणे तळहात फिरवून पाहा आणि नक्षीची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून लिहून ठेवा. 3,000 ला पुन्हा मोजा. तिन्ही आकडे सारखे उतरत असतील तर 5,000 ला रोटेशन करा. डाव्या टायरचा आतला आकडा पुन्हा वेगाने उतरताना दिसला, तर अलाइनमेंटला न जाता थेट डावा स्ट्रट आणि नकल तपासायला गाडी घेऊन जा, आणि दोन्ही जुने कागद व मोजमापांची ही नोंद सोबत ठेवा.